सदतीस टक्के मेथी

मेहकरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या पाठक सरांकडे कुणी शिफारसपत्र मागायला गेलं की ते आधी चष्मा काढत, डोळे चोळत आणि म्हणत, "तूच लिहून आण. मी सही करतो." बावीस वर्षांत त्यांनी कितीतरी पोरांची शिफारस केली होती आणि त्यातलं एकही पत्र वाचलं नव्हतं. वाचून करायचं काय? सगळी पोरं कष्टाळू, प्रामाणिक आणि होतकरूच असायची, कारण सगळ्यांनी एकमेकांचंच पत्र उतरवलेलं असायचं.

अपेक्षा बनकर तिसऱ्या वर्षाला होती. घरची भाजीपाल्याची शेती, बीबी गावाहून रोज एसटीनं येणं-जाणं. बंगळुरूच्या एका संस्थेची उन्हाळ्यातली दोन महिन्यांची फेलोशिप निघाली होती. प्रयोगशाळेत काम, राहणं-खाणं त्यांचं आणि देशभरातून फक्त बारा जण घेणार. फॉर्म अकरा पानांचा होता. "तुम्ही नेतृत्व कुठे केले?" या रकान्यात तिनं बराच विचार करून चुलतभावाच्या लग्नातल्या चारशे पानांचं वाढप लिहिलं. मग राहिलं ते शिफारसपत्र.

वर्गातल्या हरिओमनं तिला आपल्या मोबाईलवरचं पत्र पाठवलं. "हे घे. रवीदादानं नेलं होतं, त्याच्याआधी त्याच्या बहिणीनं. फक्त नाव बदल."

अपेक्षानं वाचलं. "यात मी क्रिकेट संघाची कॅप्टन हाये."

"मंग? बंगलोरवाल्याइले काय माहीत?"

"अन् दोन ठिकाणी 'ही', बाकी सगळीकडे 'हा' हाये."

"तेवढं कोन पाह्यते बे," हरिओम म्हणाला. त्यानं स्वतः तेच पत्र तीन ठिकाणी लावलं होतं. तिन्हीकडून काही उत्तर आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी घरी येऊन ती स्वतःच लिहायला बसली. आई, सत्यभामाबाई, शेजारी गवारीच्या शेंगा मोडत होती.

"सोताची तारीफ सोताच लिवायची, अन् सही दुसऱ्याची?" आईनं विचारलं.

"हो."

"लगनाच्या बायोडाट्यावानी झालं मंग. त्यात तं सही बी नसते."

'अत्यंत हुशार' असं लिहून अपेक्षा थांबली. पाठक सरांनी तिला कधी हुशार म्हटलं नव्हतं. तिचं नावही त्यांना येत नव्हतं. हाक मारायची तर "ए, तिसरा बाक" म्हणत. तीन वर्षांत त्यांचं तिच्याकडे एकदाच नीट लक्ष गेलं होतं, ते मेथीमुळं.

दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक. ओल्या कागदावर मेथीचे शंभर दाणे मांडायचे आणि पाचव्या दिवशी किती उगवले ते मोजायचं. अख्ख्या वर्गानं ब्याण्णव लिहिले, कारण वरच्या वर्गाच्या जर्नलात ब्याण्णव होते, आणि त्यांच्याही वरच्यांच्यात ब्याण्णवच. अपेक्षाच्या बशीत सदतीस उगवले. तिनं सदतीस लिहिले.

"ब्याण्णव लिही," सर म्हणाले.

"उगवलेच नाहीत, सर."

सरांनी लाल पेनानं रेघ मारली आणि निम्मे मार्क कापले.

अपेक्षानं 'अत्यंत हुशार' खोडलं आणि हेच लिहिलं, सरांच्या तोंडानं. 'मी तिला ब्याण्णव लिहायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. मी तिला दहापैकी सहा मार्क दिले. चूक माझी होती.' शेवटचं वाक्य लिहिताना तिला जे सुख झालं ते वर्षभरात कशानंच झालं नव्हतं. सर वाचतील, ओरडतील, मग आपण नेहमीचं पत्र आणू, असा तिचा हिशेब होता.

सरांनी विचारलं, "एकच पान आहे ना?" आणि सही ठोकली. वर आपला फोनही तिच्या हातात दिला. "ते ओटीपी-बिटीपी तूच बघ. मला जमत नाही."

संस्थेच्या संकेतस्थळावर पत्र चढवताना तिचं बोट क्षणभर थांबलं. खोटं बोलावं तर हरिओमचं पत्र, खरं बोलावं तर सरांच्या नावानं खोटं. मग तिनं दाबलं. नंतर चार दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

महिन्याभरानं मुलाखतीचं बोलावणं आलं, व्हिडिओवर. बीबीत दुपारी नेटवर्क जातं, म्हणून पाठक सरांनीच स्टाफरूम दिली. आपला लॅपटॉप लावून दिला, खुर्चीखाली घडी घातलेलं वर्तमानपत्र सारून ती डुगडुगायची थांबवली आणि स्वतः पलीकडच्या टेबलावर पेपर तपासत बसले.

पडद्यावर तिघं होते. मधल्या भार्गवी मॅडम प्रमुख. इंग्रजी-हिंदीत अर्धा तास बरा गेला. अपेक्षानं भेंडीवरच्या केवडा रोगाचं सांगितलं, बापानं केलेले उपाय आणि त्यातला कोणता फसला, तेही सांगितलं. मग मॅडमनी एक कागद उचलला.

"तुझ्या सरांचं पत्र. आम्हाला यंदा सहाशे पत्रं आली, त्यातलं हे एकच आम्ही एकमेकांना वाचून दाखवलं." आणि त्यांनी ते वाचलं. मेथी, सदतीस, ब्याण्णव, दहापैकी सहा, चूक माझी होती.

पलीकडच्या टेबलावरचं पेन थांबलं.

"हे तू पाहिलं होतंस?" मॅडमनी विचारलं.

पाहिलं नव्हतं म्हणणं सोपं होतं. अपेक्षानं सरांकडे पाहिलं नाही. "मीच लिहिलंय, मॅडम. सरांनी फक्त सही केली. त्यांनी वाचलेलं नाही."

डावीकडच्या गृहस्थांना खोकला आला. आपण आजवर किती सह्या केल्या, ते त्यांना बहुतेक आठवत असावं.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि पाठक सर, हातात लाल पेन तसंच, अपेक्षाच्या शेजारी येऊन पडद्यात बसले.

"नमस्कार. पत्रात एक चूक आहे," ते म्हणाले.

अपेक्षानं डोळे मिटले.

"सहा नाही, मी पाच दिले होते."

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"बियाणं माझ्याच कपाटातलं होतं. चार वर्षांचं जुनं. सदतीस लिहिलं असतं तर बाहेरून आलेल्या परीक्षकानं मलाच विचारलं असतं, की नवं का आणलं नाही."

"मग या वर्षी किती उगवले, सर?" मॅडमनी विचारलं.

पाठक सरांनी चष्मा काढला. "ब्याण्णव," ते म्हणाले. "बियाणं तेच आहे."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "हे पत्र आम्हाला धरता येणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत तुमचं तुम्ही लिहून पाठवा. हिला दाखवू नका."

लॅपटॉप मिटल्यावर सर तिच्याकडे वळले.

"माझ्याच सहीनं मलाच झापलंस."

"सर, मला वाटलं तुम्ही वाचाल."

"काऊन वाचीन?" सर म्हणाले. एरवी कॉलेजात ते पुस्तकी बोलत. रागावले की मूळ बोली वर येई. "बावीस वर्षं कोणी काही लिहिलं का त्यात, वाचण्यासारखं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सर स्टाफरूमचं दार लावून बसले. चार वाजता दार अर्धं उघडून त्यांनी विचारलं, "आडनाव बनकरच ना? अन् नाव?"

"अपेक्षा, सर."

दार परत लागलं. सव्वापाचला ते बाहेर आले. पत्र त्यांनी स्वतः चढवलं होतं, ओटीपीसकट, आणि त्यापायी त्यांचा एक तास बुडाला होता.

अकरा दिवसांनी यादी लागली. बारा नावं, नववं तिचं. ती सरांना सांगायला गेली आणि निघता निघता विचारलंच, "सर, काय लिहिलं होतं?"

"ते गुप्त असते," सर म्हणाले आणि शिपायाला मेथीच्या नव्या बियाण्यासाठी पैसे देऊ लागले.

त्या संध्याकाळी आईनं पेढे वाटले आणि तिलाही तेच विचारलं.

"माहीत नाही," अपेक्षा म्हणाली.

"चांगलंच लिवलं असन. नाही तं तुले घेतलं असतं का?"

अपेक्षाला तशी खात्री नव्हती. ती कपाटावरची बॅग खाली काढून तिची चेन नीट लागते का, ते बघू लागली.