गोरा गवंडी

पनवेलपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात गुणाबाई आणि हेंद्रिक एकाच ओसरीवर राहत. खोल्या दोन, चूल एक. लग्न झालं नव्हतं, पण हेंद्रिकच्या पायाच्या जखमा रोज गुणाबाईच धुवायची. जखम झालेली त्याला स्वतःला कळायची नाही. पायात खिळा घुसला तरी तो तसाच चालत राही, आणि मागे ओसरीवर रक्त दिसलं की ती हाक मारी, "सायब, बसा."

गुणाबाई गव्हाणची, मासेमाराच्या घरातली. अंगावर चट्टे उठले तेव्हा तिचा हितेश नुकता चालायला लागला होता. गोळ्यांनी ती पुरती बरी झाली, डाव्या हाताची बोटं तेवढी आखडली. न्यायला मात्र कुणी आलं नाही. हितेशचं लग्न झाल्याचं तिला एका मासळीवालीकडून कळलं.

हेंद्रिक हॉलंडचा. महायुद्धात त्यानं भुकेपायी फुलझाडांचे कंद उकडून खाल्ले होते. युद्ध संपल्यावर तो बोटीत बसला आणि आफ्रिकेच्या दक्षिणेला, इंग्रजांच्या ऱ्होडेशियात, बुलावायो गावी उतरला. तिथे गोऱ्या गवंड्यानं नुसतं उभं राहून काळ्यांकडून काम करून घ्यायची रीत होती. हेंद्रिक स्वतः थापी धरायचा, म्हणून बाकीचे गोरे त्याला हसायचे. त्यानं बंगले बांधले, शाळा बांधली. गावाबाहेर काळ्या मजुरांसाठी एकेका खोलीच्या चाळीही बांधल्या. त्याबद्दल तो गुणाबाईशी एकदाच बोलला होता. म्हणाला, "छत इतकं खाली, मी उभा राहू शकत नव्हतो. तरी बांधल्या. पैसे चांगले होते."

त्यानं अ‍ॅना नावाच्या बाईशी लग्न केलं, मारिया नावाची मुलगी झाली. मग एकदा छपरावर काम करताना तळहाताला उकळतं डांबर चिकटलं. मांस जळल्याचा वास आला, पण दुखलं काहीच नाही. तिथले गोरे लोक हा रोग काळ्यांचा मानत. काळ्या रोग्यांच्या वसाहतीत गोऱ्याला ठेवता येईना आणि गोऱ्यांच्या इस्पितळात कुणी घेईना. अ‍ॅनानं त्याला अंगणामागच्या सामानाच्या खोलीत ठेवलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं की तो उत्तरेला कामावर गेलाय. मारियाला तिकडे जायची मनाई होती. ती अंगणात खेळायची आणि तो दाराच्या फटीतून बघायचा.

शेवटी एका मिशनरी डॉक्टरनं त्याला बोटीनं हिंदुस्थानात पाठवलं. दक्षिणेतल्या एका इस्पितळात वाकडी बोटं शस्त्रक्रियेनं सरळ करत. बोटं सरळ झाली, पण स्पर्श काही परत आला नाही. घरी यायचं म्हणतो असं त्यानं कळवलं, तेव्हा येऊ नकोस एवढाच अ‍ॅनाचा निरोप आला. त्याच वॉर्डात पनवेलकडचा महादेव होता. तो म्हणाला, चल माझ्याबरोबर.

त्याला पंचवीसेक वर्षं झाली. या काळात हेंद्रिकनं आश्रमात विहिरीचा कठडा, मागाची शेड, बायकांच्या खोल्या असं बरंच बांधलं. थापी मुठीत राहत नसे म्हणून फडक्यानं मनगटाला बांधून घ्यायचा.

एक्याण्णवच्या हिवाळ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. चाळिशी उलटलेली एक गोरी बाई उतरली आणि कुणी काही सांगायच्या आधी थेट ओसरीकडे चालत आली. हेंद्रिक उठला. दोघांमध्ये हातभर अंतर राहिलं आणि शेवटपर्यंत तेवढंच राहिलं.

त्यांची भाषा गुणाबाईला कळत नव्हती. तिनं चहा केला. बाईनं कप हातात घेतला, मान झुकवून आभार मानले. मग तो कप ती सगळा वेळ नुसता धरून बसली. चहावर साय धरली. गुणाबाई ते बघत होती. बाई बोलता बोलता रडली, हेंद्रिक मान हलवत राहिला. ऊन कलायच्या आत टॅक्सी निघून गेली.

संध्याकाळी तिनं पाय धुवायला घेतले तेव्हा तो बोलला. अ‍ॅनानं त्याच्या मरणाची बातमी उठवली होती. शवपेटीत आवारातल्या विटा भरून तिनं ती पुरली, वर त्याच्या नावाचा दगड लावला. मारिया दरवर्षी तिथे फुलं ठेवत आली. अ‍ॅनानं मरताना तिला खरं सांगितलं, दक्षिणेतल्या इस्पितळानं इथला पत्ता दिला.

"मंग आता नेनार का तुमाला?"

"नाही. तिच्या नवऱ्याला माहीत नाही. मुलांना माहीत नाही. ती म्हणाली, मला बघायचं होतं. आणि म्हणाली, पत्र लिहू नका."

गुणाबाईच्या तोंडाशी शिवी आली होती. ती तिनं गिळली आणि फडकं पिळलं.

दुसऱ्या दिवशी हेंद्रिकनं बायकांच्या न्हाणीघराची भिंत बांधायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. गुणाबाई पाय दाखवून रागं भरली, महादेवनं थापी लपवून ठेवली, पण तो ऐकेना. ओल्या सिमेंटमध्ये तासन् तास उभा राहायचा. टाच चिघळली, काळी पडली. पनवेलच्या डॉक्टरनं पाय कापावा लागेल म्हणून सांगितलं. हेंद्रिक नको म्हणाला. तापात तो आपल्या भाषेत बोलायचा. गुणाबाई हो हो म्हणायची. शिमग्याच्या आधी तो गेला.

त्याला आश्रमाच्याच जागेत पुरलं. मारियाला कळवायचं का, असं महादेवनं विचारलं. गुणाबाई म्हणाली, "कशाला? तिचा बाप कवाच मेलाय."

पण ते बोलल्यापासून तिला झोप लागेना. महिनाभरानं तिनं धुवट लुगडं नेसलं आणि गव्हाणची गाडी धरली.

घर आता पक्कं झालं होतं. हितेश ओट्यावर जाळं विणत होता. त्यानं आधी शेजारच्या दारांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तू का आलीस?"

"सांगाया आले. मी जिती हाय. तुज्या पोरांना मेली म्हनून सांगू नको."

आतून सून, मोनाली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला तो हातात द्यायचा होता, पण हितेशनं तिच्याकडे बघितलं तशी तिनं तो पायरीवर ठेवला. गुणाबाई पाणी प्यायली, तिनं तांब्या उपडा घातला आणि ती निघाली.

हितेश कधी आला नाही. मोनाली एकदा आली, दिवाळीनंतर, माहेरी जाते म्हणून सांगून. येताना तिनं सुके बोंबील आणले होते. गुणाबाईनं ते भाजले. दोघी एका ताटात जेवल्या. जाताना मोनाली पाया पडली आणि म्हणाली, आता पुन्हा जमेल असं वाटत नाही. गुणाबाई तिला फाटकापर्यंत सोडायला गेली.