गुणाआक्काचा उलटा पदर

आमच्या साडीच्या दुकानात आता खरेदी मोबाईलवर. शहापूर-वडगावच्या विणकरांनी साडीचा फोटो टाकायचा, मालकांना पसंत पडला की ऑर्डर. सगळ्यांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात. तोंड लई चालतंय म्हणून.

गुणाआक्काची साडी मालकांनी नापसंत केलती. म्हणं, धागे लोंबतात. बघतो तर आक्कानं उलट्या बाजूचा फोटो टाकलेला!

"आक्का, नवरी पाठमोरी दाखवतीस व्हय गं?"

"सुलटी दाखवली की बाकीचे विणकर बघून उचलतील, गल्लीभर माझाच पदर निघंल. उन्हाळाभर डोकं घालून बसवलाय मी. लगीनसराईची ऑर्डर त्याच्यावरच हाय."

"दुसऱ्यांना दिसत न्हाय. ऑफिसातल्या करिष्मा मॅडम सांगत्यात."

"मॅडम सांगत्यात. तू बघितलास?"

न्हवतं बघितलं. दोरीवर दाजींची चौकड्याची लुंगी वाळत होती. ओढली, जरीच्या साडीगत घडी घातली आणि आक्काच्या फोनवरनं फोटो टाकला. खाली लिवलं, 'नवीन पदर, खास नवरीसाठी.' आक्का तोंडाला पदर लावून हसायली.

सकाळी चहाच्या गाड्यावर वडगावचा भरमा भेटला. त्यो पण विणकर.

"काय ओ अण्णा, गुणाआक्का आता नवरीला लुंगी नेसवणार काय?"

मी खो खो हसलो. मग चहाचा कप खाली ठेवला.

"तुला कसं कळालं रं?"

"फोनात दिसतंय की. सगळ्यांचंच दिसतंय."

"आणि गप बसलास?"

"सांगितलं असतं तर मॅडमनी बंद केलं नसतं व्हय?"

तसाच ऑफिसात गेलो. करिष्मा मॅडम म्हणाल्या, "अय्यो, एकमेकांचे फोटो दिसायचं उघडंच राहिलंय!" माझ्यासमोर बंद केलं. आक्काला सांगितलं, तर ती म्हणाली, "भरमाचा फोन आण."

फोन मिळाला, पण फोनामागनं भरमा पण आला. आक्कानं त्याला पायरीवर बसवलं आणि दार लावून घेतलं. साडी सुलटी अंथरली. मी फोटो टाकला. आक्कानं भरमाचा फोन वरनं खाली, खालनं वर धुंडाळला. न्हवता पदर. तरी तिचा जीव भांड्यात पडंना. फोन बंद करून, चालू करून परत बघितला.

तेवढ्यात तिच्या फोनवर मालकांचं आलं, 'पसंत. ऑर्डर पक्की.'

बाहेरनं भरमा दार ठोकायला लागला. "आक्का, फोन दे की गं!"

"देतो रं," मी कडीला हात घातला.

आक्कानं माझं मनगट धरलं.

"थांब. साडीची घडी घालू दे आधी."