शेठच्या मामानं दिलेला निवाडा

लातूरच्या जिल्हा न्यायालयात त्या सकाळी औशाहून दोन जीपा भरून माणसं आली आणि तिसऱ्या जीपमध्ये एकटं सोयाबीनचं पोतं आलं. पोतं हा पुरावा होता. माणसं नुसती बघायला आली होती.

औशाजवळ देविदासशेठचा सोयाबीन तेलाचा कारखाना. तिथं पंचशीला प्रयोगशाळेची प्रमुख. आलेल्या प्रत्येक गाडीतल्या मालाचा ओलावा मोजायचा, बारा टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. दोन वर्षांपूर्वी तिनं सतरा टक्क्यांची एक गाडी परत पाठवली. गाडी शेठच्या मेव्हण्याची होती. मशीनला नातीगोती कळत नाहीत हे शेठनं समजून घेतलं. पंचशीलालाही कळू नयेत हे त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

नोकरीच्या करारात लिहिलेलं, की वाद झालाच तर कंपनी नेमेल त्या लवादानं तो सोडवायचा. कंपनीनं केरबामामांना नेमलं. शेठचे सख्खे मामा, निवृत्त तलाठी. शेठ निर्धास्त झाले.

पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत केरबामामांना साहेबाला विचारल्याशिवाय एकही निर्णय घेता आला नव्हता. आता पहिल्यांदाच वर कुणी नव्हतं. त्यांनी नवा चष्मा केला, सहा बैठका घेतल्या, मेव्हण्याला असे प्रश्न विचारले की तो मध्येच पाणी मागायला लागला, आणि चौदा पानी निवाडा दिला : बडतर्फी चूक, पंचशीलाला त्याच जागेवर परत घ्या.

"मामा, हे काय करून ठिवलं?"

"बेस झालंय का न्हाई? नववं पान वाच, नववं!"

शेठ नववं पान न वाचताच कोर्टात गेले.

त्या सकाळी कोर्टाच्या गेटवर पोलिसानं पोतं अडवलं. "काय हाय ह्याच्यात?"

"त्याच गाडीतला माल. हात घालून बघा, कसा खडखडीत हाय!"

"कवाचा?"

"दोन वर्सांखालचा."

"दोन वर्सांत टमाटे बी वाळत्यात, शेठ. जीपमधीच राहू द्या."

आत खच्चून गर्दी. कंपनीचे सत्यम वकील उभे राहिले. "मॅडम, लवाद हे कंपनीच्या मालकांचे सख्खे मामा आहेत. असा माणूस निःपक्षपाती असूच शकत नाही. निवाडा रद्द करावा."

न्यायाधीश मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पक्षपात कुणाच्या बाजूनं?"

"कंपनीच्या."

"आणि निवाडा कुणाविरुद्ध?"

वकिलांनी कागद चाळले, जणू मधल्या वेळात उत्तर बदललं असेल. "कंपनीविरुद्ध."

सगळं कोर्ट हसलं. मागून केरबामामा ताडकन उठले. "मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो, साहेब!" शिपायानं त्यांना खाली बसवलं.

पंचशीला हसली नाही. "मुद्दा खरा आहे," तिच्या वकील प्रियदर्शनी मॅडम कानात म्हणाल्या. "इतक्या जवळच्या नातेवाइकाला कायद्यानं लवाद होता येत नाही. आपला कागद कोर्टानं मानला नाही, तर निवाडा उडू शकतो."

"मंग?"

"मग पहिल्यापासून."

दोन वर्षं पंचशीला दुसऱ्याच्या दुकानात तागडी धरून उभी होती. आणखी दोन? तिनं बाकाची कड घट्ट धरली.

"हसण्यासारखं नाही," न्यायाधीश म्हणाल्या. हसू जागच्या जागी बंद झालं. "वाद सुरू झाल्यावर दोन्ही बाजूंनी या लवादाला लेखी मान्यता दिली होती का?"

प्रियदर्शनी मॅडमनी तो कागद, एक स्टँपपेपर, पुढं केला. पंचशीलानं पुढं बोंब मारू नये म्हणून शेठनंच तो करून घेतला होता. 'नातं माहीत आहे, हरकत नाही.' खाली दोघांच्या सह्या. शेठनं तर उत्साहाच्या भरात कंपनीचा शिक्का दोनदा मारलेला. "मग नात्याची हरकत आता घेता येणार नाही," न्यायाधीश म्हणाल्या.

"पण माल कोरडा होता, मॅडम!" सत्यम वकील घाईनं म्हणाले. "पोतं खाली जीपमध्ये आहे, परवानगी असेल तर—"

"मी इथं अपील ऐकत नाही. साक्षी लवादानं ऐकल्या, कारणं लवादानं दिली. ती मला पटली की नाही, हा प्रश्नच नाही. अर्ज फेटाळला."

पंचशीलाची आई, गुणाबाई, भर कोर्टात टाळी वाजवून मोकळी झाली. शिपाई तिच्याकडे निघाला, पण तोवर सगळेच टाळ्या वाजवत होते.

पायऱ्यांवर शेठ गरजले, "हायकोर्टात जातो!" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कारखान्याच्या गेटवर अडतीस गाड्या खोळंबलेल्या. प्रयोगशाळेतल्या नव्या माणसानं आठवडाभर ओलावा न मोजता दिसेल तो माल आत घेतलेला, आणि आता गोदामात पोत्यांची थप्पी गरम होऊन वाफ निघत होती.

शेठचा आवाज बदलला. "पंचशीलाताई, आत्ता येता का?"

"लेखी द्या."

शेठनं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिला त्याच जागेवर परत घेतल्याचं लिहून दिलं.

"तारीख टाका. येळ बी टाका."

तीही टाकली. पंचशीलानं कागद दोनदा वाचला, पर्समध्ये ठेवला आणि जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. "मी येईस्तोवर एक बी गाडी आत घेऊ नका म्हणून सांगा."

शेठनं फोनवर तेच सांगितलं, शब्दाला शब्द.