उजेड हलवायचा नाही

...तो हिरवा ठिपका. फोकसच्या, त्या मोठ्या बॅटरीच्या बुडाशी, मोहरीच्या दाण्याएवढा, चार्जिंग पूर्ण झाल्याचं सांगणारा. बाबांनी फोकस टेबलावर चटणीच्या वाटीशेजारीच आडवा ठेवला होता, आणि उर्वी आंबोळीचा तुकडा बोटांत धरून त्या ठिपक्याकडे नुसती बघत बसली होती, जणू तो मिटला की आपल्याला नीट श्वास घेता येईल.

"उर्वे, गार आंबोळी चामड्यासारखी लागते हो," बाबा म्हणाले. स्वारी खुशीत होती. पुण्याचे पाहुणे पहाटेच निघाले होते आणि जाताजाता होम-स्टेला पाच तारे देऊन गेले होते. "तुझं नाव लिहिलंय त्यांनी! म्हणे, उर्वीने भेकराचे डोळे असे दाखवले की आम्ही जागचे हललो नाही."

भेकरही हललं नव्हतं...

वक्तृत्वात पहिली आल्यापासून, म्हणजे अख्ख्या शाळेसमोर पाय न लटपटता बोलता येतं हे कळल्यापासून, उर्वीला स्वतःचा आवाज भारी आवडायला लागला होता. कुठेही पुढे व्हावं, हात वर करावा, मी मी म्हणावं! म्हणूनच काल जीपमध्ये चढताना तिने हात पुढे केला होता — आज फोकस मी धरणार. बाबांनी दिला. वर शिकवलंही, बागेत डुकरं शिरली की राखणीला बसणारे जे शिकवतात तेच: डोळे चमकले की उजेड थेट डोळ्यांवर धरायचा आणि हलवायचा नाही. काही झालं तरी नाही. उजेड हलला की जनावर गेलंच.

तिने हलवला नाही. सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या उघड्या माळावर, गवतात दोन ठिणग्या पेटल्या तशी ती आनंदाने ओरडणारच होती, पण ओठ चावून गप्प राहिली, हात दगडासारखा केला. भेकर मान वर करून उभं. त्याच्या मागे काळोख. तो नुसता काळोख नव्हे, तिथे गावातल्या रावजींची जांभा दगड काढायची बंद पडलेली चिरेखाण आहे, हे तिला ठाऊक होतं. उभी कापलेली, तळाशी पावसाचं पाणी, ट्रक उतरायची वाट कधीच ढासळलेली. लहानपणापासून तिथे जायची बंदी होती. मग ठाऊक असून... ठाऊक होतं, पण त्या क्षणी ते आठवलं नव्हतं, त्या क्षणी फक्त दोन डोळे होते आणि मागून पाहुण्यांची कुजबूज, किती स्टेडी हात आहे हिचा! मग कुणीतरी टाळी वाजवली. भेकर एकदाच खरखरीत भुंकलं, वळलं, आणि डावीकडे करवंदीची जाळी होती तिकडे न जाता सरळ — सरळ उडी. खडे घरंगळले. मग पाणी वाजलं.

"पळालं," बाबा म्हणाले आणि त्यांनी जीप मागे घेतली.

इंजिन चालू होतं. त्यांना ऐकू आलं नसेल. नसेलच. का...? या 'का'शी ती रात्रभर पोचत होती आणि कूस बदलत होती.

"काय गो, तोंड का सुकटासारखं?" वर्गात शेजारी बसणाऱ्या कुलसुमने कोपर मारलं.

उर्वीने पुस्तकाआडून विचारलं, "रात्री फोकस मारून जनावरं बघणं गुन्हा आहे का गं?"

कुलसुमचे अब्बा, फारुकचाचा, पूर्णगडच्या खाडीतून बोट काढतात. ती फिस्सकन हसली. "मला विचारतेस? अब्बांनी दर्यात मासे ओढायला एलईडी लावली तर बोट जप्त. तुझ्या बाबांनी सड्यावर लावली तर पर्यटन! मजा आहे हो तुमची."

"आम्ही मारत नाही काही. नुसतं बघतो."

"बरं, सांगते माशांना." मग वही उघडता उघडता सहज म्हणाली, "अब्बा म्हणतात, लाईटपुढे माशाला दुसरं काही दिसतच नाही बिचाऱ्याला."

शाळेत फोन आणायला बंदी. मधल्या सुट्टीत उर्वीने बाथरूमची कडी लावून तो दप्तराच्या तळातून काढला. चुलतभाऊ शौनकदादा रत्नागिरीत वकिली शिकतो. त्याला सकाळीच विचारलं होतं, प्रोजेक्ट आहे म्हणून. त्याचा व्हॉइस मेसेज आला होता, मागे चहाच्या कपांचा खडखडाट. "हे बघ, अभयारण्यात असतीस तर सरळ अडकली असतीस. सड्यावर, नुसतं बघायला... तसं थेट कलम मला तरी दिसत नाही. जनावराला पिटाळलं, इजा झाली, तर शिकारीत बसवतील कदाचित. पण सिद्ध कोण करणार? निर्धास्त लिही प्रोजेक्ट. आणि काय गं, आमच्या काकांचा धंदा बुडवायला निघालीस की काय!"

तिने ते पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. सुटका व्हायला हवी होती ना? मग अजून कडी का काढवत नव्हती... बीजगणिताच्या तासाला फळ्यावर समीकरणं चढत राहिली आणि ती मनातल्या मनात कुठल्याशा साहेबांपुढे उभी राहून भांडत राहिली, पण भलत्याच बाजूने — असायलाच हवं साहेब कलम, नीट शोधा! गुन्हा ठरला तर जीप जाईल, या रात्रीच्या फेऱ्या बंद होतील. आंबा दगा देतोय तेव्हापासून घर त्यांच्यावरच चाललंय. बाबा मान खाली घालून बसतील आणि तिच्याकडे बघणार नाहीत. हे सगळं डोळ्यांसमोर येऊनही तिला गुन्हाच हवा होता. कारण गुन्हा असला की कुणीतरी येतं. शिट्टीवाला गार्ड येतो, पंचनामा होतो, आणि पंचनाम्यासाठी का होईना, खाणीच्या कडेला ओणवं होऊन कुणीतरी खाली बघतं. गुन्हाच नसला तर बघणार कोण?

कुणी नाही. पाच तारे. संपलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती वनखात्याच्या ऑफिसच्या भिंतीवर रंगवलेला तो मदतीचा नंबर आठवत होती. सकाळी जाताना त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघितलं होतं, म्हणून पाठ झाला होता. फोन हातात. समजा लावला. समजा म्हटलं, भेकर पडलंय. कुणी पाडलं? मी. मी धरला होता उजेड. नाव? वडिलांचं नाव? ...वक्तृत्वातला तो आवाज कुठे गेला कोण जाणे. आणि आता काय उपयोग, एवढ्या उंचीवरून पडल्यावर ते थोडंच राहिलं असेल, रात्रीच संपलं असणार, रात्रीच, बिचारं, रात्रीच संपलं —

हे आपण केव्हापासून म्हणतोय?

रात्रीपासून. अंथरुणात, आंबोळीपुढे, बाथरूममध्ये, दिवसभर, जपासारखं. सुटकेसारखं. सडा खिडकीबाहेर आला होता, पिवळं गवत उन्हात लखलखत होतं. गाडीत कुणीतरी खाऊ फोडला, कुणी हसलं. उर्वीला कालपासून प्रथमच वाटलं की ते मेलेलं नसेल. खाली, त्या पाण्यात पोटापर्यंत उभं असेल, चारी बाजूंना सरळ भिंती, आणि आता त्याला लख्ख दिसत असेल, की वाट कुठेच नाही... आणि मेलं असेल या विचाराने जी भीती वाटत होती, ती याच्यापुढे काहीच नव्हती.