रजेवर आलेले सैनिक

त्रिलोक भसीनांनी काठी हळूच गवतावर ठेवली आणि दोन्ही पंजे पसरून हात रिकामे असल्याचं दाखवलं. ज्याला दाखवायचं होतं त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लाल तोंडाचा, रुंद खांद्यांचा, माकडांच्या टोळीतला सगळ्यांत मोठा नर बाकाच्या पाठीवर बसून चीनूकडे बघत होता. आणि चीनू, त्यांची पाच वर्षांची नात, त्याच्यापुढे उकिडवी बसून, हात जोडून, सगळे दात दाखवत हसत होती.

"जय बजरंगबली," ती म्हणाली. "आमची दादी कधी येणार?"

नराने भुवया वर ताणल्या. पापण्यांची फिकट कातडी दिसली.

"चीनू, तोंड मीट बेटा. हसू नकोस."

"दादीच म्हणायची, बजरंगबलीच्या माणसांशी हसून बोलायचं."

ते खरं होतं. भसीनांच्या पत्नी सत्यवती दर मंगळवारी, म्हणजे हनुमानाच्या वारी, केळी घेऊन रिजच्या टेकडीवरच्या या बागेत यायच्या, हात जोडायच्या आणि हसायच्या. दात दाखवले की माकड त्याला आव्हान समजतं, हे दिल्लीत शाळेतलं पोरही सांगेल. पण मंगळवार उजाडला की अख्खी दिल्ली ते विसरते. सत्यवतींचं निभावलं, कारण त्यांच्या तोंडात दातच उरले नव्हते. चीनूचे मात्र दुधाचे सगळे जागच्या जागी होते, नुकत्याच सोललेल्या मटारसारखे.

ऐन दिवाळीत त्या इस्पितळातून परत आल्या नाहीत. पोरीला काय सांगायचं म्हणून मुलगा-सून एकमेकांची तोंडं बघत बसले, तेव्हा भसीनांनी ते काम आपल्याकडे घेतलं. रेल्वेत असताना एका मालगाडीला नुसतं रागावून त्यांनी मागे जायला लावलं होतं, असं ते सांगत. आणि ऐकणारे चहा गार होईपर्यंत ऐकत. दादी हनुमानजींच्या सैन्यात भरती झाली आहे, ते म्हणाले. भटारखान्यात. पगार नाही, पण शेपटी मिळते. बागेतली माकडं म्हणजे त्याच सैन्यातले, रजेवर आलेले. निरोप असला तर तेच आणतात, कानात सांगतात. पोरगी रडायची थांबली. घर सुखाने झोपलं. मग रोज संध्याकाळी त्या गोष्टीला एकेक झालर लागत गेली.

आज ते मफलर सोडून पुन्हा गुंडाळत होते, तेवढ्यात चीनूने हात सोडवून घेतला होता.

"अंकलजी, दगड मारू का?" वाटेवरून धावायला आलेल्या एका तरुणाने विचारलं.

"हात खाली कर. आणि पळू नकोस, पुत्तर. कोणीच पळायचं नाही."

पळणाऱ्याचं काय होतं ते गेल्या आठवड्यात दिसलं होतं. शेजारच्या साहनीबाईंच्या पोटरीचा लचका गेला तो पळण्यापायीच. भसीन एक पाऊल पुढे सरकले. उजवीकडच्या बाभळीवरून आणखी दोन माकडं खाली उतरली. पोटाशी पिल्लू धरलेली एक मादी त्यांच्या काठीपाशी येऊन बसली. भसीन जागीच थांबले, नजर जमिनीवर ठेवून.

"चीनू, उठायचं आणि उलट्या पावली माझ्याकडे यायचं."

"हा सांगेपर्यंत नाही."

"त्याची रजा संपली गं. गाडी चुकेल त्याची."

"म्हणून तर आत्ताच विचारते ना."

नराच्या घशातून खरखर उठली. ती ऐकून चीनूचे डोळे चमकले.

"दादू, हा सांगतोय," ती म्हणाली, गुडघ्यांवर उठली आणि केस मागे सारून कान त्याच्या तोंडाशी न्यायला लागली. हसू तसंच होतं. नराने ओठ मागे ओढले, खालचे सुळे उघडे पडले.

भसीनांच्या जिभेवर अशा वेळी शंभर गोष्टी असायच्या. त्यांनी ओठ ओले केले.

"चीनू," ते म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नाही. "दादी मेली."

ती थांबली.

"इस्पितळातच. मी तिचा हात धरून होतो. ती कुठल्या सैन्यात नाही. त्याला काही माहीत नाही, बेटा. ते नुसतं माकड आहे."

आधी खालचा ओठ वर आला, मग वरचा त्यावर बसला. दात दिसेनासे झाले. चीनूची मान खाली गेली आणि ती गवताकडे पाहत राहिली. नर तिच्याकडे अजून थोडा वेळ बघत होता. मग त्याच्या भुवया सैलावल्या, त्याने काख खाजवली आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात तो कचऱ्याच्या डब्याकडे वळला.

"आता पायांकडे बघत ये. मागे मागे."

ती आली. तिची पाठ त्यांच्या गुडघ्यांना लागली, तरी त्यांनी तिला उचललं नाही. उचलण्याची घाईसुद्धा माकडाला कळते. काठी तिथेच सोडून दोघं हळूहळू, बगळ्यांसारखी पावलं टाकत वाटेवर आली. तरुणाने हातातला दगड खाली टाकला.

दोघं फाटकाकडे निघाली. भसीनांना तिचा हात हातात हवा होता, पण तिने तो कोटाच्या खिशात घातला होता.

फाटकाबाहेर मुनेश बसली होती. माकडांना खायला घालू नये अशी पाटी होती, तिच्याच खाली बसून ती फडक्याखाली केळी विकायची. भसीनांची गोष्ट तिलाही ठाऊक होती. भसीनांनी ती कोणाला सांगितली नव्हती, हाच प्रश्न होता.

"काय गं चीनू, काय खबर आज फौजेची?"

भसीनांनी तोंड उघडलं. मग त्यांनी मफलर तोंडावर ओढला.

चीनूने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खिशातून हात काढून तिने त्यांचं एक बोट धरलं.

"दादीने सांगितलंय, केळी बंद करा," ती मुनेशला म्हणाली. "सैनिकांची पोटं बिघडतात."

"घ्या. म्हणजे मी उपाशी मरू?"

"आणि..." चीनू अडली. तिने नाक पुसलं आणि आभाळाकडे बघत शब्द शोधायला लागली.

भसीन खाली वाकले.

"आणि?" त्यांनी विचारलं.