बिबट्यापुढचं गाऱ्हाणं

सहदेवने जुनी राजदूत मोटारसायकल घेतली ती बायकोला न विचारता. सगळी चाळ गाडी बघून गेली, पण नलिनीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग मुलुंडला तिच्या बहिणीच्या, मालनच्या बाळाचं बारसं निघालं. नलिनी म्हणाली, एकदा बसून बघते. नाही पटलं तर गाडी विकायची. सहदेवने नाइलाजाने मान डोलावली. फार जीव होता त्याचा त्या गाडीवर.

भल्या सकाळी दोघं कांदिवलीहून निघाली. आरे कॉलनीत धुकं होतं, तबेल्यांचा वास होता आणि रस्ता रिकामा. मागे नलिनी पदर आवळून बसली होती. तिच्या मनात काय चाललंय या विचाराने बिचारा अर्धा झाला होता. एका वळणावर त्याने कचकन ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. समोर रस्त्याच्या मधोमध बिबट्या बसला होता, घरच्या पडवीत बसावं तसा ऐसपैस.

किक मारावी तर आवाज होणार, पळावं तर बायको नऊवारीत. अशा वेळी मालवणच्या माणसाला सुचतं तेच सहदेवला सुचलं. गावी देवापुढे एकजण गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे दर वाक्याला होकार भरतात; होकार नसेल तर ते देवाला पोचत नाही. त्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तू ह्या रानाचो राखणदार."

"व्हय म्हाराजा," मागून सवयीने नलिनी.

"काय चुकला-माकला आसात तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

"आमका सुखरूप जाऊक दी. मी ही फटफटी इकून टाकतंय."

मागून काहीच आलं नाही. सहदेव थांबला, पुन्हा तेच म्हणाला. तरी शांतता. बिबट्याने जांभई दिली, उठला आणि सावकाश गवतात शिरला.

सहदेव मागे वळला. होकार का नाही दिलास, म्हणून त्याने विचारलं.

नलिनी अजून गवताकडेच बघत होती. "गाडी विकलीत तर त्याला परत बघायला यायचं कशाने?"