बदल्यानंतरचं अंगण

कुंभारीण माशी कोळ्याला मारत नाही. डंख मारून त्याला नुसतं हलेनासं करते आणि मातीच्या घरट्यात पिल्लांसाठी जिवंत कोंडून ठेवते. दारातल्या ट्रकच्या आरशामागे असं एक घरटं होतं. देवकीला ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. दुसरं काही दिसायचंच नाही; सगळा उजेड ट्रकने अडवला होता.

पाळी गावच्या खाणीचं काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा खनिज वाहायच्या कामातून कंत्राटदाराने तिच्या नवऱ्याचा, कृष्णनाथचा ट्रक तेवढा वगळला. कृष्णनाथने देवळात नारळ ठेवून सांगणं केलं: कंत्राटदार हात जोडून दारात येईपर्यंत ट्रक विकणार नाही, गाव सोडणार नाही. देवाला दिलेला शब्द. तिकडे हरमलला देवकीची बहीण सुविधा पर्यटकांना खोल्या द्यायची आणि स्वयंपाकाला हिला बोलवायची. देवकी दर वेळी म्हणायची, "बघते."

रविवारी जेवणं झाली की शेजारचा धाकू यायचा आणि तो नि कृष्णनाथ तोच जुना कुंगफूचा सिनेमा लावायचे. जमीनदार गुरूला मारतो. शिष्य डोंगरावर पाण्याची कावड वाहत वर्षं काढतो, अंगात बळ आणतो आणि बदला घ्यायला उतरतो.

"बघ, तोंडातून शब्द नाय," कृष्णनाथ एका रविवारी म्हणाला. "नुसतो थांबता. माझ्यासारखो."

"तो थांबता नि कावड उचलता," धाकू हसला. "तू थांबतस नि उशी उचलतस!"

जमीनदार कोसळला की धाकूची टाळी पडायची आणि कृष्णनाथ टीव्ही बंद करून ट्रक चालू करायला जायचा. बॅटरी उतरू नये म्हणून. त्या दिवशी रिमोट सापडेना.

"वैनी, तेवढो बंद कर गो," म्हणत धाकूही त्याच्यामागे बाहेर गेला.

देवकीचा हात बटणाजवळ थांबला. सिनेमा संपलाच नव्हता. रिकाम्या अंगणात शिष्य एकटा उभा होता. त्याने कावड खांद्यावर घेतली, दाराकडे बघितलं आणि पाणी आता कशासाठी वाहायचं ते न कळून ती परत खाली ठेवली.

बाहेर इंजिन घरघरलं. खिडकीतून धूर आत आला. देवकीने चहाखालचा गॅस बंद केला आणि पदर नाकाला लावून ती दारात आली.

"अहो."

"चाय झाली?" कृष्णनाथने ट्रकच्या केबिनमधूनच विचारलं.

"सांगणा तुमी केलास, मी नाय. उद्या मी हरमलाक जातंय, सुविधाकडे. आता तिकडेच राहूक."